तुळशीभोवतीची उलटी गाडी

एडिनबरा, डिसेंबर २००६

ती. आसावरीताईस,
समुद्रापलीकडून उदयचा वाकून नमस्कार.

या देशाविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. इथे दुपारच्या चहाआधीच सूर्य मावळतो. अशा वेळी सायंसंध्या करायची की वामकुक्षी, याचा निर्णय कुठल्याच ग्रंथात नाही.

तुझ्या बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत मला घरात बसवत नाही, म्हणून रविवारी तुझी भावजय मंजिरी आणि तनू मला बोटॅनिकल गार्डनला घेऊन गेल्या. ख्रिसमसनिमित्त काचघरात खेळण्यातली रेल्वे मांडली होती. मधोमध कुंडीत चक्क तुळस, आणि गाडी तिच्याभोवती उलट्या प्रदक्षिणा घालत होती!

मला राहवेना. गाडी चालवणाऱ्या आजोबांना म्हटलं, "ही जरा उलट दिशेनं फिरवाल का?"

"बाबा, प्लीज!" तनू कुजबुजली. "ती ट्रेन आहे, भटजी नाही!"

आजोबांनी विचारलं, "अशी फिरली तर काय होतं?"

एरवी मी त्यांना शास्त्रार्थ ऐकवून छळलं असतं. पण तोंडून निघालं, "माहीत नाही. माझ्या बहिणीचा रिपोर्ट यायचाय."

त्यांनी गाडीची दिशा बदलली. मंजिरीनं दोनदा ओढलं तरी माझा पाय निघेना.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? तू फिरायला जातेस ना? फोनवर मी रिपोर्टचं विचारलं की तू इथल्या थंडीची चौकशी करतेस. थंडी आहे, पुष्कळ आहे.

ताई, रिपोर्ट आलाय आणि तू माझ्यापासून लपवते आहेस, अशी मला भीती वाटते.

तुझा धाकटा,
उदय