रस्त्याच्या अलीकडून

कोको बीच, १४ जून

चि. मार्लिसला
अ. उ. आशीर्वाद.

तुमच्या डॉक्टरीणबाईंना सांगून आलो. सकाळपासून घसा धरलाय हे मीच सांगितलं. त्यांनी गळ्यातला बिल्ला काढून घेतला. तुम्हा अंतराळवीरांजवळ आता मला येता येणार नाही. उद्याचं समुद्राकाठच्या घरातलं जेवणही गेलं.

रागावू नकोस. माझा घसा तुला लागला, तर तुझ्या जागी दुसरं कुणी जाईल. अकरा वर्षं तू याचसाठी थांबलीस. आणि ठरल्या दिवशी उडाला असतात तर मी धडधाकट होतो. उड्डाण वाऱ्याने लांबलं, तो दोष माझा नाही.

घरून तुझ्या आईचा फोन होता. गहू पिकलाय. शेजारचा एमिल कापून देईन म्हणाला. वर असंही म्हणाला, की मायलो, म्हणजे मी, एवढ्या लांब जाऊन ढगच बघत बसलाय, ते तर इथेही होते.

अक्षर माझं नाही. मोटेलच्या मालकीणबाईंकडून लिहवून घेतोय, म्हणजे कागदालाही माझा हात नको. त्यांचं म्हणणं, उड्डाण अजून आठवडाभर लांबलं तर बरं, खोल्या भरलेल्या राहतात.

जिवाला जप.
तुझा बाबा

केप कॅनाव्हरल, १६ जून

ती. बाबांना
सा. न.

अक्षर इतकं सुरेख, की पत्र तुमचं वाटेचना. एमिलकाकांचं वाक्य आलं तेव्हा खात्री पटली.

मी रागावले आहे. आईही रागावली आहे. तिच्या मते तुम्ही गप्प बसायला हवं होतं, कापणीच्या दिवसांत तुमचा घसा दरवर्षीच बसतो. जेवताना सगळ्यांची माणसं होती. माझ्यासमोर रिकामी खुर्ची. तुमच्या वाटणीची कणसं आमच्या कमांडरनी खाल्ली आणि तुमचे आभार मानले.

आमच्यातला एकजण म्हणतो, वीस वर्षांत लोक बसने जावं तसे वर जातील. मला तसं वाटत नाही. पैसे आटतील, मधली काही वर्षं कुणीच जाणार नाही. मग कुणीतरी पुन्हा सुरू करेल, मंगळावरही जाईल, आणि तेही असेच वारा पडायची वाट बघत बसतील.

भीती वाटते का, हे तुम्ही विचारलं नाहीत. वाटते. चॅलेंजर यान फुटलं ती सकाळ आम्ही कुणीच बोलून दाखवत नाही. म्हणून जायच्या आधी एकदा तुमचा हात धरायचा होता.

उद्या संध्याकाळी घरची माणसं रस्त्याच्या एका कडेला आणि आम्ही दुसऱ्या कडेला उभे राहतो. उड्डाणाच्या आदल्या दिवशीची ही पद्धतच आहे. त्याला बिल्ला लागत नाही. या. ओरडू मात्र नका.

माया आहेच, ती राहू द्या.
तुमची मार्लिस

कोको बीच, १८ जून

चि. मार्लिसला
अ. उ. आशीर्वाद.

हे माझ्या हाताने लिहितोय. तू खाली उतरल्यावर वाचशील.

काल तू कड सोडून डांबरावर पाऊल टाकलंस. मी थांब म्हणून तळहात उभा धरला आणि मागे सरलो. बाप दुरावला असं वाटलं असेल तर ते मनातून काढून टाक. तू आणखी चार पावलं आली असतीस, तर मीही थांबलो नसतो.

तू थांबलीस. मग मी हात लांब फिरवला. रूळ ओलांडताना ट्रॅक्टरवर तू असायचीस आणि मी खाली उभा राहून दोन्हीकडे बघायचो, तेव्हा करायचो तीच खूण. मोकळं आहे, जा. तीच खूण तू मला परत केलीस. बाजूच्या बाईंनी विचारलं, की हे काय तुमच्या धर्मातलं आहे का. मी हो म्हणालो.

आज सकाळी आकाश निरभ्र होतं. यान गेलं. आवाज छातीत बसला, आणि मग नुसता धूर. बाजूला उभ्या माणसाने तुमचं वर कोण आहे म्हणून विचारलं. माझा आवाज पार बसलेला. मी बोटाने वर दाखवलं, मग स्वतःकडे. त्याने टोपी काढली.