भिंतीवरचा तिरका पाऊस

मंगळवार, संध्याकाळ

स्वारगेटच्या पुलाखालची भिंत झाली एकदाची. वर्षभर खपून मी भाजलेल्या टाइल्स, सगळ्यांवर एकाच बाजूला झुकलेला पाऊस. आणि मिस्त्रीकाकांनी एकाआड एक टाइल फिरवून बाथरूमसारखी नक्षी जुळवली! अर्धा पाऊस डावीकडे, अर्धा उजवीकडे.

"सगळा एकीकडेच कलत होता मॅडम, मी डिझाइन बसवलं."

सिमेंट वाळलंय. भांडायचंही त्राण नाही. एकाच बाजूला हवा होता हो मला पाऊस, वाऱ्याचा.

"खाली तुमचं नाव कुठं टाकायचं?" त्यांनी विचारलं.

"आता तुमचंच टाका," मी म्हटलं.

 काकांनी लगेच घरी फोन लावला, "अगं, भिंतीवर माझं नाव येणार आहे."

टोमणा होता तो. आता कोणत्या तोंडाने सांगू?