ओढ्याकडचं फाटक

प्रिय मारेन,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. घरून तुला येणारी पत्रं आईची असतात, आणि तळाशी माझं नाव असतं तेसुद्धा तीच लिहिते. आज पेन माझ्या हातात आहे. घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. आईचा गुडघा बरा आहे, माझी पाठ होती तेवढीच वाईट आहे, आणि एकशे बारा गायींपैकी एकोणनव्वद व्यायल्या. बर्फ आता फक्त उत्तरेकडच्या उतारावर उरलाय, बाकी सगळा चिखल. परवा माझा बूट असा रुतला की पाय वर आला आणि बूट तिथेच राहिला. आई खिडकीतून बघत होती. मदतीला येणं राहिलं बाजूला, हसून हसून तिला खुर्ची धरावी लागली.

गुरांना मालकीची खूण म्हणून देतो त्या डागाच्या नोंदणीचा कागद आलाय. टेबलावर, बरणीखाली दाबून ठेवलाय. मागच्या वेळी तो आला तेव्हा तू सोळा वर्षांची होतीस. माझ्या आणि आईच्या नावाखाली मी तुझं नाव घातलं, तर दोन दिवस तू त्या कागदाची प्रत उशाशी घेऊन झोपलीस. आणि आता नाताळात तू लिहिलंस, या खेपेला माझं नाव काढून टाका, बाबा, जिला साधं एक फाटक लावता येत नाही तिचं नाव गुरांच्या डागावर कशाला? महिनाअखेर कागद पाठवायचाय. एकदा खोडलेलं नाव मी पुन्हा घालायचं म्हटलं तरी तू घालू देणार नाहीस, तुझा हट्ट मला माहीत आहे, तो माझ्याकडूनच गेलाय. तीनदा पेन उचललं आणि तीनदा खाली ठेवलं.

तुझ्याशिवाय हंगाम कसा चाललाय म्हणशील तर चाललाय. व्हर्जिल शेजारधर्म म्हणून पहाटे येतो, पण त्याचं अर्धं लक्ष आईच्या दालचिनीच्या पावात. परवा पहिलारू कालवडीचं वासरू पाय मागे दुमडून आलं होतं. माझा हात आत शिरेना. व्हर्जिल म्हणतो, 'अरे, तुझा हात कसला, फावडं आहे ते! इथे मारेनचाच हात पाहिजे.' मी म्हटलं, 'गप बस आणि दोरी धर.' वासरू वाचलं, पण तास गेला. तू असतीस तर कॉफी गार व्हायच्या आत काढलं असतंस. आणि तू तिकडे शहरातल्या दवाखान्यात लोकांच्या मांजरांची नखं कापतेस. कापायला माझी ना नाही. पण तुझे ते हात आठवतात आणि जीव तुटतो, एवढंच.

बरं, सत्तावीस नंबरची गाय आठवते ना? तीच खवीस म्हातारी, जिने व्हर्जिलला कुंपणावरून पलीकडे टाकलं होतं. तिचं वासरू उलटं आलं आणि मेलेलं निघालं. दिवसभर ती त्याला चाटत राहिली, ऊठ ऊठ करत राहिली. त्याच दिवशी एका तरण्या गायीला जुळं झालं, तिने एकाला जवळ घेतलं आणि दुसऱ्याला लाथाडलं. मग काय, नेहमीचंच. मेलेल्या वासराचं कातडं काढलं, चार भोकं पाडून जुळ्यातल्या नको झालेल्या वासराला कोटासारखं चढवलं, पोटाखाली सुतळीने बांधलं आणि म्हातारीपुढे उभं केलं. तिने हुंगलं, वास आपल्याच लेकराचा. पाजलंन् लगेच.

चार दिवसांनी आई सुतळी कापायला आली. कातडं आता वास मारायला लागलं होतं. कात्री चालवता चालवता म्हणाली, 'आता हिला खरं कळू दे. ठेवते का हाकलते बघू.' मी फळकुट घेऊन तयार उभा. म्हातारीने त्या उघड्या वासराला डोक्यापासून शेपटीपर्यंत हुंगलं. खूप वेळ लावलान. नाकातून एक जोराचा फुत्कार टाकला आणि सरळ कास पुढे केली. आई म्हणाली, 'हिला पहिल्या दिवसापासून माहीत असणार बघ.' मला आईच्या तोंडाकडे बघवेना. फळकुट टाकून मी बाहेर येऊन उभा राहिलो.

आता बिस्किटबद्दल लिहितो. तू म्हणशील, तो विषय नको. पण लिहायलाच हवं. तुझ्या त्या बिनआईच्या कालवडीने स्वयंपाकघरात घुसून आईच्या ताटलीतलं बिस्किट पळवलं आणि त्या दिवशी तिचं नाव पडलं. तू तिला बाटलीने वाढवलंस. गेल्या मार्चमध्ये तिचं पहिलं वेत, कास भरलेली, तू दिवसातून दहा वेळा जाऊन बघायचीस. त्या दुपारी दोनला तू पेंढा पसरायला ओढ्याकडच्या तारेच्या फाटकातून गेलीस आणि परत आलीस. सकाळी बघतो तर फाटक जमिनीवर पडलेलं, कालवडी ओढ्यावर, आणि बिस्किट तिथल्या बर्फावर घसरून चारी पाय फाकून बसलेली. तिच्यामागे वासरू. ते गेलेलंच होतं. तिलाही उठवता आलं नाही. बंदूक मी चालवली, तू तिचं डोकं मांडीवर घेतलं होतंस. आणि उठून सगळ्यांदेखत मी काय बोललो? 'फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं, हे तुला बारा वर्षांची असल्यापासून सांगतोय. आत्तापर्यंत येत नसेल तर हे काम तुझं नव्हे.' व्हर्जिल होता, आई होती. तू नुसती मान हलवलीस. आपणच विसरलो असं तू धरून चाललीस, आणि जूनमध्ये बॅग भरलीस.

ते फाटक कसं लावायचं, मीच तुला शिकवलंय. काठी छातीशी कवटाळायची, खांद्याने रेटायची, मग तारेचा फासा वर चढवायचा. हातमोजे घालून तो फासा सरकत नाही, म्हणून आधी ते काढून खांबावर अडकवायचे. मारेन, बिस्किट गेली त्या दिवशी दुपारी मी एकटाच ते फाटक उभं करायला गेलो, तर खांबावर माझे हातमोजे होते. आईने वाढदिवसाला दिलेले, पिवळे. तेव्हा सगळं आठवलं. आदल्या दिवशी चार वाजता, तुझ्यानंतर दोन तासांनी, मी कुऱ्हाड घेऊन ओढ्याचा बर्फ फोडायला गेलो होतो. येताना व्हर्जिलने रस्त्यावरून हॉर्न दिला, म्हटलं दोन मिनिटं बोलून येतो, मग फासा चढवतो, आणि तसाच चारागवताच्या गप्पा मारत घरी आलो. तुला बोललो तेव्हा मला हे माहीत नव्हतं, देवाशप्पथ. पण दुपारी कळलं. तू तेव्हा गोठ्यातच होतीस, शंभर पावलांवर. मी हातमोजे खिशात घातले, पिकअपच्या सीटखाली कोंबले आणि आईला सांगितलं, हरवले. रोज म्हणायचो उद्या सांगीन. मग तू गेलीस, आणि तू परत येशील की नाही याची मला इतकी भीती बसली की तोंडच उघडेना. काल जेवताना आईला सांगितलं. तिने काटा खाली ठेवला. मग म्हणाली, 'आत्ता लिही. फोन करू नकोस, फोनवर तू हवापाण्यावर घसरशील.' हातमोजे सोबत पाठवतोय. कागदही पाठवतोय, माझी आणि आईची सही झालीय, तुझं नाव आहे तसंच आहे. खोडायचं असेल तर तू तुझ्या हाताने खोड, मी हूं की चूं करणार नाही. मेच्या शेवटच्या शनिवारी वासरांना डाग द्यायचाय. व्हर्जिलला, आणि त्या दिवशी कुंपणाशी जमतील त्या सगळ्यांना, मी आधी हेच सांगणार आहे, तू येवोस न येवोस. फाटक तू लावलं होतंस, पोरी. उघडं मी टाकलं.

तुझाच, चुकलेला,
बाबा