टाकीभर जावई

१४ नोव्हेंबर

चिमे,

आशीर्वाद. तुझ्या आईचा गुडघा सोडला तर आम्ही दोघं बरे आहोत.

कारखान्यातल्या एन्झाइमच्या तिन्ही टाक्या गटारात सोडल्या. खरी किंमत धर: साखर, वीज, माणसांचा पंधरवडा, कापडगिरणीवाल्याचा विश्वास, आणि तुझ्या आईचं माझ्याशी बोलणं. शेवटचं सगळ्यात महाग पडलं. तसं तुझ्यावाचून इथे काही अडलेलं नाही.

झालं असं. टाकीच्या तळाशी उरलेले जंतू मी नेहमीप्रमाणे पुढच्या टाकीला विरजण म्हणून घालत गेलो. 'बाबा, दर वेळी गोठवलेल्या कुपीतून सुरुवात करा,' असं तू सांगून थकलीस. यंदा टाकी अशी दाटली की ढवळायची मोटर कण्हायला लागली. मी बाहेरून कान लावला आणि मिस्त्रीला म्हटलं, "ऐक, पीक जोरात आहे."

"पीक आहे शेठ, पण गिरणीवाला म्हणतो, आपल्या मालानं कापडावरची खळ जागची हलत नाही."

केमिस्ट बाईंनी तपासलं. म्हणाल्या, "तुमचा जंतू मुळात बिघडलेलाच. रानटी जंतू खळ पचवणारं एन्झाइम गरजेपुरतं करतो, मग जनुकाची कळ बंद करतो. जुन्या एका म्युटेशननं तुमच्याची कळ बंदच होत नव्हती. त्यावर तुमचा धंदा. आता कुणा एकात दुसरं म्युटेशन झालं आणि कळ कायमची बंद झाली."

"एकानं काय होतंय?"

"काम नाही, म्हणून खाल्लेलं अंगी लागतं. त्याचीच पिलावळ वाढते, राबणारे मागे पडतात. आणि विरजण तुम्ही त्यांचंच लावत गेलात."

"म्हणजे टाकीभर जावई," मिस्त्री पुटपुटला. हसू आलं, पण अर्धंच.

तेव्हा तुझा प्रोग्रॅम आठवला. टाकीची सगळ्यात चांगली कृती शोधायला तो उष्णता, हवा, साखर यांच्या ढीगभर कृती घ्यायचा, त्यातल्या चांगल्यांच्या जोड्या लावायचा, आणि मधूनच एखादा आकडा उगाच बदलायचा; त्याला तू म्युटेशन म्हणायचीस. 'चुका करायला मशीन कशाला, माणसं आहेत की,' असं म्हणून मी तुला ते म्युटेशन शून्य करायला लावलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या कृती एका साच्यातल्या; पुढे काही सरकेना. मी चारचौघांत हसलो, तू बॅग भरलीस. बदल हवा होता तिथे मी तो बंद केला, आणि नको होता तिथे त्याला हातानं भरवत बसलो.

जाताना तू जुन्या विरजणाची एक कुपी नेलीस. 'ने, बाटलीभर पाणीच ते,' असं मी म्हणालो होतो. तुझ्या प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये ती अजून आहे का गं? इथल्या गोठवलेल्या कुप्याही मी त्याच टाक्यांतून भरलेल्या निघाल्या. कुरिअरनं पाठवू नकोस, वितळेल. तूच घेऊन ये. प्रोग्रॅमही आण. आकडा काय ठेवायचा ते तू ठरव.

फार थकलोय. मिस्त्री विचारतो, ताई येणार का? मी म्हणतो, कामात असते ती.

तुझा,
आकड्यांना हात न लावणारा
बाबा

ता. क. आलीस की थेट घरी ये. कारखान्यात कुणी नाही. सोमवारपासून गेटला कुलूप आहे.