मोरीच्या उडीएवढी गाडी

कवठे महांकाळ,
२ ऑक्टोबर २०२३

ती. आकारामदादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या चौकीवर फोन लागत नाही ते एका परीनं बरंच. फोनवर तू मला अर्ध्यात तोडतोस. पत्र मात्र शेवटपर्यंत वाचावं लागेल.

आमच्या पिकअपचे टायर टकले झालेत. गेल्या हंगामात इस्लामपूरकडं उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला गेलो, तेव्हा पाटाच्या चिखलात गाडी रुतली आणि ट्रॅक्टरनं ओढून काढावी लागली. तेव्हापासून माझे धाकटे दीर, तानाजीभावजी, वाडीभर सांगत सुटलेत की गाडी उचलून उंच करून घ्यायची, मोठी चाकं घालायची आणि चावी वहिनीकडनं काढून घ्यायची. बाईच्या हातची गाडी रुतायचीच, म्हणे. आमचे हे मेंढरांमागं चालतात आणि भावाला एका शब्दानं बोलत नाहीत. पण गाडी आली त्या दिवसापासून मी चालवते, दादा. चावी मी देणार नाही.

मला गाडी उचलायची नाही. आहे त्याच मापाचे, पण जाड नक्षीचे टायर हवेत. तू लष्कराच्या गाड्या हाकतोस, कुठले घेऊ ते सांग. थंडीत कानटोपी घालत जा, आई सारखी तेच म्हणत असते.

माया आहे तेवढी पुरे, पण आटू देऊ नको.
तुझी
अंजना


चौकीवरून,
१२ ऑक्टोबर २०२३

चि. अंजनास अनेक आशीर्वाद.

पत्र शेवटपर्यंत वाचलं, टोमण्यांसकट. लहानपणी कोकरू उराशी धरून शाळेत गेलीस आणि मास्तरांनी बाहेर काढलं तरी ते सोडलं नाहीस. तो हट्ट अजून तसाच आहे.

यात तुझं चुकतंय. आमच्या गाड्या उंच असतात म्हणून चिखलातून, बर्फातून निघतात. तानाजीचं बरोबर आहे आणि त्यालाही मी तसं कळवलंय. एक मात्र ध्यानात ठेव, टायर भार पेलणाराच घे. नुसत्या नक्षीला भुललं की भरल्या गाडीत फुटतो. आणि चावी चार दिवस त्याच्याकडं गेली म्हणून आभाळ कोसळत नाही. घरात दोन तोंडं झाली की संसार चालत नाही.

तुझ्या सासूबाईंना, तानुमावशींना, नमस्कार सांग. राग आला तरी पत्र टाकत जा.
तुझा
आकाराम


कवठे महांकाळ,
२७ ऑक्टोबर २०२३

ती. दादास,
नमस्कार. साष्टांग घालायला कंबर वाकत नाही, कारण राग आलाय.

तुझ्या पत्रानं भावजींना हत्तीचं बळ आलं. बिरोबाच्या देवळात त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी आईकडं गेले होते, तेवढ्यात गाडी मिरजेला नेली. परत आली ती स्प्रिंगच्या पाट्यांखाली उंचीचे ठोकळे, ही एवढी चाकं आणि झेंडूचे हार घालूनच. चावी त्यांच्या खिशात. मला म्हणाले, वैनी, आता निस्तं ओवाळा. मी ताट खाली ठेवलं आणि आत निघून गेले. शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

काल मुक्काम हलवायचा होता. तुला ठाऊक आहे, मेंढरं आपण उचलून भरत नाही. गाडीची पाठ बांधाला लावायची, फाळका पाडायचा, की म्होरकी मोरी उडी घेते आणि तिच्यामागं सगळी. मोरी आली. वर बघितलं, टायर हुंगला आणि पाठ फिरवून चरायला निघून गेली. बाकीची तिच्यामागं. भावजींनी एकेक मेंढरू उचलून आत टाकलं, ते दुसऱ्या बाजूनं उडी मारून मोरीकडं पळालं. भावजींना धाप लागली. वाडी हसत होती आणि मीही हसले, खोटं कशाला सांगू?

मग आमच्या सासूबाई, आत्याबाई, केबिनमध्ये बसायला आल्या. पाय पायरीला पुरेना. भावजींनी गड्यांना हाक मारली, आईला उचला म्हणून. आत्याबाईंनी काठीच उगारली. म्हणाल्या, खबरदार, मला चौघांनी उचलायची येळ अजून आली न्हाई. मोरी आन् मी आपल्या पायानं चढनार, तेवढीच गाडी ठेवा, न्हाईतर मी हितनं हलत न्हाई. आणि बांधावर मांडी घालून बसल्या. वर भावजींना विचारलं, गाडी रुतली ती टायर टकलं हुतं म्हणून, त्यात बाईचा काय गुन्हा रं?

भावजींनी खिशातनं चावी काढली. मला चावी हातात दिली नाही, बांधावर ठेवली. मी उचलली आणि तशीच मिरजेची वाट धरली. वळणावळणाला चाक मडगार्डला घासत होतं.

आता देवळात वाचायला हे पत्र भावजींना देऊ का?
तुझीच, तरीही,
अंजना


चौकीवरून,
६ नोव्हेंबर २०२३

चि. अंजनास आशीर्वाद.

आमच्या गाडीत जवान दोर धरून चढतात. मी त्यांचाच विचार केला. धनगराच्या पोटी जन्मून मेंढरू कसं चढतं ते विसरलो, याची लाज वाटते. चावीचं लिहिलं तेही लिहायला नको होतं. तानाजीला तसं वेगळं पत्र टाकलंय, तेही देवळात वाच म्हणून.

जानेवारीत सुट्टीवर येतोय. त्या उसाच्या चिखलातून गाडी मी काढून देतो, तू काळजी करू नको.

रुसवा सोड, एवढंच मागणं.
तुझा
आकाराम


इस्लामपूरजवळ, मुक्काम रानात,
१९ नोव्हेंबर २०२३

ती. दादास,
साष्टांग नमस्कार. आज कंबर वाकली.

टायर जुन्याच मापाचे घेतले. भार पेलणारे घेतले, तुझं तेवढं ऐकलं. मागच्या चाकांना जाड नक्षी. ठोकळे काढून टाकले. निघायच्या दिवशी मोरीनं बांधावरून अशी उडी घेतली की मागच्यांना जागा पुरेना. आत्याबाई काठी माझ्याकडं देऊन एका दमात चढल्या.

काल तोच पाट, तोच चिखल. भावजी दोर घेऊन काठावर तयार उभे होते. मी गाडी हळू, एका चालीनं पार नेली. पलीकडं थांबून मागं बघितलं तर ते दोर गुंडाळत होते.

तेव्हा जानेवारीत ये, पण गाडी काढून द्यायला नको. आत्याबाई मधे बसतात, तू खिडकीशी बस. गाडी मी चालवणार.

लोभ ठेव, चावी मागू नको.
तुझी
अंजना