लॅम्बर्नचे गोल

रवि., ७ जून
बऱ्याच वर्षांनी लिहिते आहे. कारण एवढेच: कॉलिनला 'नाही' म्हणावे लागेलसे दिसते, आणि तोंडी बोलताना मी फार कडक होते असे सगळे म्हणतात. आधी कागदावर.
कॉलिन इथल्या, आखातातल्या, आमच्या शाळेचा क्रीडाशिक्षक, ऑस्ट्रेलियन. गुरुवारी कायमचा परत चालला. त्याचे आजोबा टॉम लॅम्बर्न, तिकडच्या फुटबॉलच्या सुरुवातीच्या काळात गोल मारण्यात नावाजलेले. (लांबट चेंडू, जाळी नाही, नुसते खांब.) गावचा क्लब फलक लावणार: 'सर्वांत जास्त गोल'. कॉलिनने कात्रणांची वही माझ्यापुढे ठेवली. "लायब्ररियन आहात, यादी करून द्या." वर्षअखेरची पुस्तकमोजणी चालू असताना हो म्हणायला नको होते. पहिल्या पानापासून काहीतरी जुळत नाही.

सोम., ८
सापडले. ज्या हंगामात सर्वांत जास्त गोल, त्याच पानावर दुमडलेले एक कात्रण: टॉम लॅम्बर्नचा पाय लाकडाच्या गिरणीत मोडला, हंगामभर अंथरुणात. मग गोल कोणी मारले? बातम्यांत नुसते आडनाव. संघाच्या एकाच यादीत आद्याक्षर आहे: डब्ल्यू. लॅम्बर्न. तीनदा तपासले. मान आखडली.
जेवताना हे म्हणाले, "अगो, त्याचा आजा, त्याचे गोल. तू कशाला डोका पिकवतंस? लिही आणि खलास."

मंगळ., ९
कॉलिनला विचारले, आजोबांना भाऊ होता?
"नाही. म्हणजे… एक विल होता. तरुणपणीच गेला. घरात कोणी नाव काढत नसे."
कात्रण पुढे केले. दोनदा वाचले. मग हसला. "मॅडम, मी पोरांना कायम याच सीझनची गोष्ट सांगत आलोय!"
वही कोणी केली? पणजीने, टॉमच्या आईने. म्हटले, "ती विलचीही आई. दोघांचे एकाच वहीत चिकटवले. ती खोटे बोलली नाही, नंतर वाचणारे चुकले."
"विलचे काढले तर?"
"टॉम दुसऱ्या नंबरवर."
"आत्याला काय सांगू? त्र्याण्णव वर्षांची आहे. टॉमच्या मुलांपैकी आता तीच उरली. फलकाचा पडदा तीच ओढणार." मग जाताना, "तुम्ही पंच असतात ना, तर कोणी खेळायलाच आलं नसतं."
असेल.

बुध., १०
सकाळी मेसेज: 'जुनाच आकडा राहू द्या. प्लीज.' उत्तर दिले नाही. दिवसभर पुस्तकांची खोकी. पाय सुजले. आत्या रडेल ते डोळ्यांसमोर येते. विल येत नाही, त्याचा फोटोच नाही. फरक एवढाच, आणि त्यावर मी कोणाचे गोल कोणाला…

गुरु., ११
स्टाफरूममध्ये खजूर, भाषण, यल्ला यल्ला, चला चला करत फोटो. मग तो लायब्ररीत आला. यादी उभ्यानेच वाचली.
"फलकासाठी वर नाव कोणाचं?"
"मी लिहिलेले नाही."
"शुक्रान, मॅडम." आभारापुरती अरबी त्याला येते. हात पुढे केला, मग मी पुरुषांशी हात मिळवत नाही हे आठवून छातीवर ठेवला. यादी बॅगेत घातली नाही, हातातच घेऊन गेला.
दिले: कात्रणांची वही, मूळ, एक. यादी, एक पान, दोन रकाने, टॉम आणि विल, बेरजा वेगळ्या. पाय मोडल्याचे कात्रण, सुटे, पाकिटात. त्याची झेरॉक्स मी ठेवलेली नाही.