अव्वाच्या आवाजाची चोरी

निलंगा, जि. लातूर

तीर्थस्वरूप महादेवी अक्काच्या पायांशी धाकट्या वीरण्णाचे शरणु शरणार्थी. दाजींनाही नमस्कार सांग, आणि त्यांचा गुडघा आता एस.टी.ची पायरी चढू देतो का तेही कळव. (पत्त्यावर अजून 'जि. उस्मानाबाद' लिहितेस. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू आहे. तुझं मागचं पत्र आधी उस्मानाबाद बघून आलं आणि माझ्या आधी तीन पोस्टमननी हाताळलं.) इकडे अव्वा, तुझी भावजय जगदेवी आणि मी खुशाल आहोत. पाणी सोडलं तर घरात सगळं आहे. तुमच्याकडे मुखेडला टँकर एक दिवसाआड येतो असं तू लिहिलं होतंस. इथं तो येणार म्हणतात त्या दिवशी येत नाही, आणि येणार नाही म्हणतात त्या दिवशी बायका घागरी घेऊन उभ्या असतातच, कारण त्यांचा कुणावरच विश्वास उरलेला नाही. सध्या माझ्यावरही कुणाचा नाही. ते का, हे सांगायलाच हे पत्र लिहायलोय.

तू लिहिलंस की आई असून अव्वाचा आवाज ऐकून दोन वर्षं झाली, तुमच्याकडे आता टेप आलाय, तर तिचं चार शब्द बोलणं भरून कॅसेट पाठव. मांडव आणि माईक भाड्यानं देणारा आपला बसवंत आहे ना, त्याचा टेप मी मागून आणला. तो विजेवर चालतो आणि त्याचं वजन तान्ह्या वासराएवढं आहे. अव्वासमोर पाटावर ठेवला, बटणं दाबली आणि म्हटलं, "बोल, अक्का ऐकणार आहे." तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, तहसीलदारापुढं जबाब द्यायला बसल्यासारखी ताठ झाली आणि म्हणाली, "सगळे बरे हायेत. पाऊस न्हाई." मग टेपाकडं बोट दाखवून म्हणाली, "पुरे. बंद कर ते." मी बंद केला. इथंच थांबलो असतो तर पत्राचं एक पान वाचलं असतं.

पण मला वाटलं, एवढ्यासाठी अक्कानं टपालाची वाट बघायची का? दुपारी नागम्मा येते तेव्हा अव्वा किती मोकळी बोलते हे तुला माहीत आहे. (नागम्मा म्हणजे पलीकडच्या आळीतली, जिनं तुझ्या लग्नात हळदीचं ताट पाडलं होतं ती.) दोघी वसरीत बसून निवडण करतात आणि तास दोन तास त्यांचं चालतं. मी दुसऱ्या दिवशी टेप वसरीच्या भिंतीतल्या देवळीत ठेवला, पुढं घडीच्या सतरंज्या लावल्या, वायरवर पोतं अंथरलं, बटणं दाबली आणि भला माणूस असल्यासारखा दुकानात जाऊन बसलो. जगदेवीलाही सांगितलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं, कारण चांगलं काम मी तिला सांगितल्याशिवाय कधी करत नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. नीट भरलंय का ते बघावं म्हणून टेप दुकानात नेला आणि कॅसेट लावली. आधी ज्वारीतले खडे, मग कुणाच्या तरी सुनेचं डोहाळजेवण, मग टँकरवर झालेली झोंबाझोंबी. गिऱ्हाईक आलं म्हणून मी उठलो आणि खणाचं कापड मोजू लागलो. दुकानात सहा माणसं होती. अव्वाचा आवाज अचानक खाली आला, आणि अक्का, तो आवाज मी या घरात कधी ऐकलेला नव्हता. मोजायचा गज मी बाजूला ठेवला. गिऱ्हाइकं टेपाकडं सरकली. गावभर मी सांगत फिरलो की बसवंताच्या टेपाचं बटण अडकलं, म्हणून बंद करता आलं नाही. बिचाऱ्या बसवंताची फुकट बदनामी केली. बटण अडकलं नव्हतं. ते माझ्या हाताशी होतं. मला पुढचं ऐकायचं होतं, म्हणून मी ऐकत राहिलो, आणि माझ्याबरोबर सहा परक्या माणसांना ऐकू दिलं.

अव्वानंतर नागम्मा बोलली. ती काय बोलली ते मी इथं लिहिणार नाही. तिला विचारलं, ती नको म्हणाली. एवढंच सांगतो की तिच्या घरातलं होतं, आणि त्या सहा जणांत तिचा मुलगा होता. त्यानं हातातली धोतरजोडी खाली ठेवली आणि निघून गेला. तेव्हा मी टेप बंद केला.

टँकरच्या रांगेत दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. अव्वा रिकामी घागर घेऊन घरी आली. मला वाटलं होतं आता भांडणाचा कडाका उडेल. तसं काही झालं नाही. ती बोलायचीच बंद झाली. नऊ दिवस, अक्का! गायीशी बोलायची, तुळशीशी बोलायची, मी उंबऱ्यात पाय ठेवला की गप्प. जगदेवीला भाकरी हवी का हे हातानं विचारायची. जगदेवीही मग खुणा करू लागली, आणि एकदा मीठ मागताना तिनं अशी काही खूण केली की मी घाबरून विळी नेऊन दिली. बाजारातही तेच. मी जवळ गेलो की लोक हवापाण्यावर येतात. कुणीतरी उठवलं की नव्या जिल्ह्याच्या कचेरीनं तक्रारी टिपायला मला मशीन दिलंय. टँकरच्या फेऱ्या लावणारे व्यंकटराव टॉवेल घ्यायला आले, आधी बाकाखाली वाकून बघितलं आणि मग गल्ल्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "टँकर वेळेवर यायलाय बरं का!" (टॉवेल न घेताच गेले.)

नागम्माच्या घरी मी दोनदा गेलो. पहिल्या दिवशी दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी ती बाहेर आली आणि म्हणाली, "तुझ्या दुकानातलं कापड फाटकं निघालं तर तू बदलून देतोस. हे कसं बदलून देशील?" मी पायांवर डोकं ठेवलं. तिनं आशीर्वाद दिला नाही, पण पायही मागं घेतले नाहीत. मायलेकांत पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि विचारायचं तोंडही मला राहिलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी मी अव्वापुढं जमिनीवर बसलो. म्हटलं, "अव्वा, मार, पण बोल. अक्कासाठी केलं मी."

ती म्हणाली, "मी 'बंद कर' म्हणले हुते का न्हाई?"

"म्हणाली होतीस."

"मंग?"

ती पुढं म्हणाली, "ते बोलणं मी नागम्माला दिलतं. तुला दिलं न्हवतं. दुकानाला तर न्हाईच." आणि मग तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लहानपणासारखी एक टपली मारली, चांगली जोरात. मला रडू आलं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, आणि दुकान उघडायला बोलवायला आलेलं एक गिऱ्हाईक दारात उभं.

ती कॅसेट तिनं मागून घेतली. दुपारी नागम्मा आली (हो, आली!), दोघींनी मिळून आतली सगळी फीत ओढून काढली आणि गच्चीवर सांडग्यांच्या चारी बाजूंनी बांधली. वाऱ्यानं ती चमकते, फडफडते आणि चिमण्या वाळवणाला शिवत नाहीत. दोघी बघून हसत होत्या. मी जिन्याखालूनच ऐकलं आणि लगेच बाहेर निघून गेलो.

अव्वा मग म्हणाली, "इथले लोक मुखेडच्या बाजाराला जात्यात. पोरीला दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आदी तू लिही. मी बोलले तेवढंच लिही, पदरचं घालू नको." म्हणून तिच्या परवानगीनं लिहितो. ती नागम्माला म्हणाली होती: "महादेवी निघाली की मला सोसत न्हाई. म्हणून जायच्या दिवशी कायतरी काढून भांडते. रागानं गेली की मागं वळून बघत न्हाई, तिला तरास कमी. बत्तीस वर्षं आसंच केलं. मागच्या बारीला लई बोलले. दोन वर्षं झाली, पोर आली न्हाई."

आता तुला आठवत असेल. कारळाच्या चटणीवरून भांडण झालं होतं, 'जाताना सगळं घर बांधून ने' असं ती म्हणाली होती, आणि तू स्टँडवर माझ्याशीही बोलली नव्हतीस. तू गेल्यावर अव्वा त्या चटणीचा डबा घेऊन स्टँडकडं निघाली होती, हे मला आत्ता जगदेवीनं सांगितलं. अव्वा वेशीपर्यंत गेली, बस जाताना बघितली आणि परत आली. (हे वाक्य अव्वानं आधी खोडायला लावलं होतं. मग म्हणाली, ऱ्हाऊ दे.)

तुझ्यासाठी तिनं आपण होऊन नवी कॅसेट भरली आहे. मला बटणं दाखवायला लावली, मग मला आणि जगदेवीला घराबाहेर काढलं, दारातलं वासरूसुद्धा पलीकडं बांधायला सांगितलं. मी तासभर बसवेश्वराच्या देवळाच्या पायरीवर बसून होतो. परत आलो तेव्हा तिनं तोंड धुतलेलं होतं आणि कॅसेट खणाच्या तुकड्यात घालून चारी बाजूंनी शिवून टाकली होती. सोबत पाठवतो. मी ऐकलेली नाही. तू एकटीच ऐक, आणि आत काय आहे ते मलाही कळवू नकोस.

तुझा धाकटा,
वीरण्णा

ता. क. : हे सगळं पत्र अव्वाला वाचून दाखवलं आहे. दाजींच्या गुडघ्याला एरंडाचं तेल कोमट करून लावायला सांगते.

ता. क. २ : ती म्हणते, तू आलीस तर या बारीला भांडणार नाही. मला वाटतं भांडेल. तू तयारीनं ये.

ता. क. ३ : हे तिला वाचून दाखवलेलं नाही. पाकीट चिकटवता चिकटवता पिठाच्या गिरणीवाला सांगून गेला की ही नवी कॅसेट भरली त्या दुपारी दोन ते चार आपल्या आळीत लाईटच नव्हती. अव्वा बोलली ती अडीच ते साडेतीन, आणि बसवंताचा टेप विजेवरचा. शिवण उसवून बघायची माझी हिंमत नाही. तेव्हा अक्का, कॅसेट मुकी निघाली तर अव्वाला मुळीच कळवू नकोस. मिळेल ती एस.टी. धर, तिच्यापुढं बस आणि म्हण, "ऐकलं सगळं, पण टेपात आवाज नीट येत न्हाई, पुन्हा एकदा सांग."